सिगार एका कडेनेच जळायचा, त्यावरचा उपाय

माझा सिगार एका कडेने भराभर जळायचा, दुसरी कड काळीच राहायची. उपाय पेटवण्यातच सापडला. आता टोक ज्योतीच्या वर, पण तिला न टेकवता, हळूहळू फिरवत शेकतो. कडेला सगळीकडे सारखी लाली आली की मगच तोंडात धरून, फिरवतच, हलके झुरके. मग टोकावर फुंकर मारायची. निखारा जिथे फिका दिसेल तिथे पुन्हा थोडी आच. ज्योत ब्युटेनची बरी, पेट्रोलच्या लायटरचा वास तंबाखूत उतरतो. काडी असेल तर गूल आधी पूर्ण जळू द्यायचा. तरीही वाकडा जळलाच, तर मागे पडलेल्या कडेलाच ज्योत दाखवतो. ७० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत राहिलेला दमट सिगार मात्र ऐकत नाही. तो आधी सुकवावा लागतो.