पिकअपची उंची वाढवावी का? गॅरेजमध्ये जाण्याआधी करायची मोजमापे आणि घ्यायचे निर्णय

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेतलेल्या माणसाच्या मनात वर्षभरात एकदा तरी लिफ्ट किटचा, म्हणजे सस्पेन्शन उंच करणाऱ्या सुट्या भागांच्या संचाचा, विचार येतोच. गाडी उंच झाली की ती रुबाबदार दिसते, यात शंका नाही. परंतु सस्पेन्शनची उंची वाढवल्याने ब्रेक, स्टीअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणारे दांडे) आणि वळणावरचे संतुलन या सगळ्यांवर परिणाम होतो. म्हणून गाडी खाली नेमकी कुठे आणि किती घासते, हे आधी ठरवावे आणि त्यानंतरच किटच्या किमतीची चौकशी करावी. हा लेख पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगवेगळे वर-खाली होणारे) आणि मागे कमानीचे पाटे असलेल्या चारचाकी ड्राइव्हच्या पिकअपसाठी आहे. वरील दोन्ही गाड्यांची रचना अशीच आहे.

पायरी १ : गाडी कुठे घासते ते पाहा

नेहमीच्या वाटेवरून, म्हणजे शेताकडची चाकोरी असो, कोकणातला जांभ्या दगडाचा चढ असो किंवा घाटमाथ्यावरचा कच्चा रस्ता असो, एक फेरी झाली की गाडीखाली टॉर्च घेऊन शिरावे आणि ताजे ओरखडे शोधावेत. ओरखडा पुढच्या बंपरवर आहे, पायदानावर आहे, पोटाच्या मध्यभागी आहे, मागच्या हुकावर आहे की मागच्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) गोळ्यावर आहे, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो.

यातला डिफरन्शियलचा मुद्दा सर्वांत जास्त लोकांकडून निसटतो. मागचा अॅक्सल हा चाकांना जोडलेला अखंड दांडा असल्यामुळे पाट्यांवर काहीही केले तरी तो जमिनीपासून जराही वर जात नाही. वर जाते ती चेसिस आणि तिच्यावरची बॉडी. अॅक्सल उचलायचा असेल तर टायर मोठा लावणे हाच मार्ग उरतो, आणि त्याचा लाभही अपेक्षेपेक्षा कमी असतो. २६५/६५ आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी भरतो, तर २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३ मिमी. व्यासातला फरक २७ मिमीचा, पण अॅक्सल मात्र त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १३ मिमीने वर जातो. त्याच वेळी वेगदर्शक काटा मूळ टायरच्या हिशेबाने चालत राहतो, म्हणून काट्याच्या ८० ला गाडीचा वेग पूर्वीपेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी जास्त असतो.

याउलट पोट घासत असेल तर लिफ्टचा खरा उपयोग होतो. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३,०८५ मिमी आहे, आणि एवढ्या लांब गाडीचे पोट उंचवट्यावर टेकणे स्वाभाविक आहे. ढोबळ गणिताने, पोटाखाली २२० मिमी मोकळी जागा असताना गाडी सुमारे १६ अंशांचा उंचवटा न टेकता ओलांडते; ती जागा २७० मिमी झाली तर हाच कोन सुमारे २० अंशांवर जातो. ५० मिमीच्या लिफ्टने मिळणारे हे चार अंश आपल्या वाटेवर खरोखर लागतात का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. पायदाने घासत असतील तर ती काढून टाकावीत. इंजिनाखालच्या पत्र्यावर ओरखडे असतील तर जाड संरक्षक पत्रा लावावा. चिखलात चाक फिरत राहणे ही तर उंचीची अडचणच नाही. तिथे चांगल्या खाचांचे टायर, कमी केलेली हवा आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) यांचा उपयोग होतो.

पायरी २ : चारही कोपरे मोजा

सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. एकदा रिकाम्या गाडीचे आणि एकदा नेहमीचा माल भरून. रिकामी पिकअप मागून थोडी उंच असते, आणि ते मुद्दाम केलेले असते, कारण हौद्यात माल पडला की पाटे दबून गाडी समतल होते. केवळ दिसण्यासाठी पुढची बाजू उचलून गाडी सरळ केली, तर भरलेल्या हौद्यासह तिचे नाक वर जाते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. ज्यांच्या गाडीत नियमित माल असतो, त्यांनी हा बदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याच वेळी आणखी एक खूण करून ठेवावी. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून हेडलाइटच्या झोताची वरची कड खडूने भिंतीवर आखून तिची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवावी. काम झाल्यावर झोत परत जुळवताना ती उपयोगी पडते.

पायरी ३ : कायदा आणि विमा आधी तपासा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सगळेच करतात’ हे गॅरेजवाल्याचे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकापुढे टिकत नाही. आपल्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, वॉरंटीबाबत विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि नकार आला तर विषय तिथेच संपवावा.

पायरी ४ : काय गमावणार ते समजून घ्या

गाडी वळणावर किती स्थिर राहील, याचा एक साधा निर्देशांक आहे : डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उदाहरणादाखल, हे अंतर १,५४० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर असेल तर उत्तर १.१० येते, गुरुत्वमध्य ७४० वर गेला की ते १.०४ होते. आकडा लहान झाला म्हणजे गाडी कलंडण्याच्या तेवढी जवळ गेली, आणि घाटातल्या वळणावर अचानक स्टीअरिंग ओढावे लागले तर हा फरक जाणवतो.

आणखी एक कमी परिचित धोका आहे. अनेक पिकअपमध्ये चेसिस आणि मागचा अॅक्सल यांच्यातल्या अंतरावरून भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. लिफ्टमुळे हे अंतर वाढले की गाडी रिकामी आहे असे समजून तो व्हॉल्व्ह मागचा दाब कमी ठेवतो, आणि भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आपल्या गाडीत तो असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीला जुळवून देणार का, हे मेकॅनिकला आधीच विचारावे. प्रश्न त्याला समजला नाही, तर गॅरेज बदलावे.

उंची वाढली तरी भार वाहण्याची क्षमता वाढत नाही. आरसी बुकातले एकूण वजन तेच राहते.

पायरी ५ : करायचेच ठरले तर ५० मिमीवर थांबा

साधारण ५० मिमीपर्यंत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन बहुधा सांभाळता येतात. त्यापुढे सांधे तिरपे चालून त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, वरचे आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) बदलावे लागतात, आणि मागच्या अॅक्सलला शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर गाडी जागेवरून वेग घेताना थरथर सुरू होऊ शकते.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुढे स्पेसर (शॉक अॅब्सॉर्बरवर बसवायची जाड चकती) आणि मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी). पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे खालचे टोक आर्मच्या मधल्या भागाला जोडलेले असल्यामुळे त्याच्या माथ्यावरचा २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी जवळपास दुप्पट उंची देतो, आणि चाक खाली लटकले की सांधे मूळ मर्यादेपलीकडे ओढले जातात. त्यापेक्षा एकमेकांशी जुळणाऱ्या स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि मागच्या पाट्यांचा पूर्ण संच घ्यावा, आणि तो गाडीवर कायम असणाऱ्या वजनानुसार निवडावा. हौदा एरवी रिकामा असताना जड भाराचे पाटे घातले तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर मागून उडते.

बसवताना एका गोष्टीवर स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे. आर्मच्या आणि पाट्यांच्या रबरी बुशांचे (सांध्यातल्या रबरी नळकांड्यांचे) बोल्ट गाडी गॅरेजच्या उचलयंत्रावर लटकलेली असताना घट्ट करू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून थोड्याच दिवसांत फाटते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, भिंतीवरच्या खुणेनुसार हेडलाइट जुळवावेत, आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून ब्रेकच्या नळ्या व एबीएसच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, याची तपासणी करून घ्यावी. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, चारही कोपरे पुन्हा मोजावेत आणि नवे पाटे बसून उंची बदलली असेल तर अलाइनमेंट आणखी एकदा करावे.