क्लाउड सर्व्हरवर रूटचे अधिकार कसे सांभाळावेत

रूट म्हणजे लिनक्स सर्व्हरवर काहीही करू शकणारं सर्वाधिकारी खातं. पण सर्व्हरला हात लावण्याआधी क्लाउडचं मुख्य खातं बघा. ते ज्याच्या हाती, तो चालू डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन दुसऱ्या मशीनला जोडू शकतो. मग एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीला) लावलेली सगळी कुलपं बाहेरच राहतात. म्हणून मुख्य खात्याला हार्डवेअर की (लॉगिनवेळी लावायचं छोटं उपकरण) लावा, दुसरी की तिजोरीत ठेवा आणि त्या खात्याची अ‍ॅक्सेस की (प्रोग्रामने खात्यात शिरायची चावी) बनवलेली असेल तर ती आजच काढून टाका. रोजची कामं रोल (ठरावीक अधिकारांची तात्पुरती भूमिका) घेऊन करा. एडब्ल्यूएसमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये) रोल घेतल्यावर मिळणारी तात्पुरती ओळख एरवी १ तासात संपते, त्यामुळे चोरीला गेली तरी फार काळ चालत नाही.

आता सर्व्हर. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं द्या. ‘अ‍ॅडमिन’ हे एकच खातं चौघांनी वापरलं, तर सुडोच्या (रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या साधनाच्या) लॉगमध्ये चौघेही ‘अ‍ॅडमिन’च दिसतात आणि रात्री २ वाजता डेटाबेस कोणी बंद केला ते कळत नाही. लॉगिनसाठी ईडी२५५१९ प्रकारची कीची जोडी ज्याची त्याने आपल्या मशीनवर, पासफ्रेज (कीचा पासवर्ड) घालून बनवावी; सर्व्हरवर जाते ती फक्त पब्लिक की, म्हणजे जोडीतला उघड भाग. सर्व्हरवरच्या एसएसएच फोल्डरला ७०० (फक्त मालकाला प्रवेश) आणि की ठेवलेल्या फाइलला ६०० परवानगी द्या. ग्रुपला लिहायची मुभा राहिली, तर एसएसएच ती फाइल नाकारतं आणि की बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पासवर्ड लॉगिन बंद करताना. मुख्य कॉन्फिग फाइलच्या शेवटी ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलं, सर्व्हिस रीलोड केली, तरी पासवर्ड चालूच. कारण असं: एसएसएचडी (सर्व्हरवर लॉगिन स्वीकारणारा प्रोग्राम) एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतं, आणि उबुंटूवर मुख्य फाइलच्या वरच्या टोकालाच कॉन्फिग-डी फोल्डर जोडलेलं असतं. तिथे क्लाउड-इनिटने (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) ५० क्रमांकाची फाइल टाकून ‘येस’ लिहून ठेवलं असेल, तर तुमची ओळ वाया गेली. तिथल्या फाइल क्रमाने वाचल्या जातात, म्हणून आपल्या फाइलचं नाव १० ने सुरू करा, तिच्यात ‘परमिटरूटलॉगिन नो’सुद्धा (रूटला थेट लॉगिन बंद) घाला. मग एसएसएचडीला लहान टी देऊन चुका तपासा आणि मोठा टी देऊन प्रत्यक्षात काय लागू होतंय ते वाचा. रीलोड केल्यावर जुनी विंडो बंद करू नका. दुसऱ्या विंडोतून लॉगिन होऊन सुडो चाललं, तरच पहिली मिटवा.

सुडोचा नियम नेमका उलटा: तिथे शेवटची जुळणारी ओळ चालते. सुडोच्या नियमांची फाइल नेहमी व्हिसुडोनेच (सेव्ह करण्याआधी चुका तपासणाऱ्या कमांडने) उघडा आणि सुडोअर्स-डी फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब ठेवू नका. टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप वगळतं. अधिकार देताना कमांडचा पूर्ण पाथ आणि पुढचे शब्दही लिहा, म्हणजे एकच सर्व्हिस रीस्टार्ट करता येईल. व्हिम (एडिटर) किंवा लेस (फाइल वाचायची कमांड) मात्र सुडोत देऊ नका. त्यांच्या आतून उद्गारचिन्हाने शेल उघडतं, आणि ते रूटचं असतं. फाइल बदलायचीच असेल तर त्या एका फाइलपुरतं सुडोएडिट द्या. इमेजसोबत (सर्व्हर बनवायच्या तयार साच्यासोबत) आलेल्या मूळ यूजरला बहुधा पासवर्डविना सगळंच मोकळं असतं. आपली खाती नीट चालू लागली की तो हक्क काढा.

कोणी काम सोडून गेलं की पासवर्ड लॉक करून लोक निश्चिंत होतात. त्याची की तरीही चालते! यूजरमॉड कमांडने खात्याची मुदत १ (म्हणजे कधीच उलटून गेलेली तारीख) लिहून खातंच संपवा, चालू सेशन तोडा, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं बघा. त्याची पब्लिक की रूटच्या किंवा डिप्लॉय खात्याच्या (नवा कोड चढवणाऱ्या खात्याच्या) फाइलमध्ये डकवलेली नाही ना, तेही शोधा. क्लाउडवरच्या अ‍ॅक्सेस की वेगळ्या बंद कराव्या लागतात.

लॉग त्याच सर्व्हरवर ठेवले तर रूट ते पुसू शकतो. ते लगोलग बाहेर पाठवा, शक्यतो वेगळ्या क्लाउड खात्यात, जिथे सर्व्हरच्या अ‍ॅडमिनला डिलीटचा अधिकार नाही. क्लाउडट्रेलची (एडब्ल्यूएसमध्ये कोणी काय केलं याच्या नोंदवहीची) साधी यादी ९० दिवसांचीच असते. त्यामागचं हवं असेल तर स्टोरेजमध्ये लिहिणारी ट्रेल आधीच सुरू करून ठेवा.