लाकडी बॅरलला वाफ देताय? मग या चुका टाळा

डिसेंबर संपत आला, द्राक्षं भरायला लागली की माझा फोन सुरू होतो. "दादा, वाफ दिली तरी बॅरलला वास येतोय." "दादा, वाफ दिली आणि आता गळतंय." मी दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीच्या सेलरमध्ये १४ वर्षं काढलीत, त्यातली निम्मी बॅरल धुण्यातच गेली असावीत, त्यामुळे फोन करणाऱ्याने नक्की काय घोळ घातलाय ते मला पहिल्या दोन वाक्यांतच कळतं. दरवर्षी तेच घोळ. म्हणून एकदाच लिहून टाकतोय, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

पहिला घोळ म्हणजे वाफेने बॅरल धुता येतं असं समजणं. नाही येत हो. वाफ धूत नाही, वाफ तापवते. खरकटी ताटली इडलीपात्रात ठेवून पंधरा मिनिटं वाफ दिली तर ताटली स्वच्छ निघेल का? खरकटं फक्त शिजेल आणि अजून घट्ट चिकटेल. बॅरलचं तंतोतंत तेच होतं. वाईन काढल्यावर तळाला गाळ राहतो, आणि आतल्या फळ्यांवर टार्टरचे, म्हणजे वाईनमधून सुटून बसणाऱ्या क्षाराचे, खडे बसलेले असतात. छोटा टॉर्च आत सोडून बघा, खडीसाखरेसारखे चमकतात. त्या खड्यांच्या खाली आणि फळ्यांच्या सांध्यात जंतू मस्त लपून बसलेले असतात आणि तुम्ही वरून वाफ सोडता. खड्यांना काही फरक पडत नाही, जंतूंनाही फार नाही.

माझी पद्धत सांगतो, पुस्तकात वेगळी असेल. आधी गार पाणी, बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत, मग ७० डिग्रीच्या आसपासचं गरम पाणी प्रेशरने, फिरणाऱ्या नोझलने चारपाच मिनिटं. टार्टर गार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, गरम पाण्यात विरघळतो, म्हणून हे गरम पाणी टाळता येत नाही. त्यानंतर भोक, म्हणजे बॅरलच्या पोटावरचं बूच बसवायचं तोंड, खाली करून दहा मिनिटं निथळू द्यायचं, परत टॉर्च मारायचा, चमक दिसली तर परत गरम पाणी. आणि मग वाफ. नवीन पोरं हे सगळं सोडून डायरेक्ट वाफेचा पाईप खुपसतात कारण वाफ दिसायला भारी वाटते, व्हिडिओत पण छान येते.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि यावरून मी सगळ्यात जास्त भांडतो. दोन मिनिटं वाफ दिली, बॅरलमधून ढग निघाला, झालं म्हणे! कशाला घाई, ट्रेन सुटतेय का? आपल्या नेहमीच्या २२५ लिटरच्या बॅरलची फळी २७ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. वाईनमध्ये घोड्याच्या तबेल्याचा नाहीतर दवाखान्यातल्या पट्टीचा वास आणणारं जे यीस्ट आहे, ब्रेटॅनोमायसिस, सेलरमध्ये सगळे नुसतं ब्रेट म्हणतात, ते वाईनबरोबर लाकडात ८ मिलिमीटरपर्यंत आत गेलेलं सापडतं. ते मारायला तिथपर्यंत ५५-६० डिग्री पोचायला हवेत. लाकूड हा उष्णतेच्या बाबतीत महाआळशी पदार्थ, म्हणून तर तव्याला लाकडी मूठ लावतात. दोन मिनिटांत आतला पृष्ठभाग सणसणीत तापतो, पण ८ मिलिमीटर आत जेमतेम ४० होतात, म्हणजे ब्रेटसाठी नुसती थंडीतली गरम पाण्याची आंघोळ. मी १० ते १२ मिनिटं देतो, आणि वेळ कधीपासून मोजायची तर पाईप लावल्यापासून नाही. मोदकपात्रावर वाफ धरल्यावरच आपण घड्याळ बघतो ना, तसंच इथे भोकातून वाफ भरभरून, सलग बाहेर यायला लागली की मोजायला सुरुवात.

जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा पडवीत रात्रभर पडलेलं बॅरल बर्फासारखं गार असतं, त्याला अजून चारपाच मिनिटं जास्त. माझी खूण घड्याळापेक्षा हाताची आहे. हेडवर, म्हणजे टोकाच्या गोल झाकणावर, बाहेरून तळवा ठेवायचा. बाहेर कोमट लागलं की आत व्यवस्थित पोचलंय. बाहेर अजून गार असेल तर पाईप काढायचा नाही, चहा राहू दे तिकडे.

आणि हो, भोक खाली ठेवून वाफ द्या. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर चढते, गार हवेला खाली ढकलून बाहेर काढते, आणि वाफेचं झालेलं पाणी घाण घेऊन आपसूक गळून जातं. भोक वर ठेवलं की ते सगळं पाणी बॅरलच्या पोटात डबकं करून बसतं आणि त्या डबक्याखालची फळी काही तापत नाही.

आता बुचाचा किस्सा. पाचसहा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवीन मुलगा होता, कामाला वाघ, सांगितलेलं सगळं करणार आणि न सांगितलेलं पण करणार. त्या दिवशी मी त्याला आठ बॅरल दिली, त्याने माझ्या पद्धतीने अगदी बरोबर धुतली, बारा बारा मिनिटं वाफ दिली, आणि मी जेवायला गेलो. परत आलो तर आठही बॅरलला सिलिकॉनची बुचं, हातोडीने ठोकून घट्ट बसवलेली. मी म्हटलं हे काय? तर म्हणतो, "दादा, आत आता सगळं स्वच्छ झालंय ना, बाहेरची घाण परत आत नको जायला." लॉजिक ऐकायला बरोबर! मी पहिल्या बॅरलचं बूच ओढलं, हलेना. दुसऱ्याचं ओढलं, हलेना. तेवढ्यात चौथ्या बॅरलमधून 'कट्' असा आवाज आला, वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडल्यासारखा. हेडची मधली फळी आत बसली होती, उभी चीर, बोट जाईल एवढी.

झालं काय तर एक लिटर पाण्याची साधारण १६०० लिटर वाफ होते. उलट बाजूने बघा, २२५ लिटरचं बॅरल वाफेने गच्च भरलंय आणि ती वाफ गार झाली तर तिचं पाणी होतं जेमतेम वाटीभर. बाकी जागा रिकामी, म्हणजे खरंच रिकामी, तिथे हवा पण नाही. बाहेरची हवा आत घुसायला बघते, पण वाफेने लाकूड फुगून सांधे एकदम बंद झालेले. हेडचा व्यास ५५ सेंटिमीटरच्या आसपास धरा, पूर्ण निर्वात झाला तर नाशिकच्या उंचीवरसुद्धा त्या झाकणावर दोन टनांच्या वर दाब येतो. पूर्ण होत नाही हे मान्य, अर्धाच झाला तरी टनभर! झाकणावर मारुतीची छोटी गाडी उभी केल्यासारखं आहे ते.

बाकीच्या सात बुचांच्या कडेने मी बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून हवा आत सोडली, प्रत्येक वेळी सुस्स करून आवाज, सायकलच्या ट्यूबच्या उलटा. सात वाचली. चौथं फ्रेंच ओकचं होतं, दोनदाच वापरलेलं. नव्या फ्रेंच बॅरलच्या पैशात बरी सेकंडहँड बाईक येते, आता हिशोब तुम्हीच करा. त्या पोराला मी ओरडलो नाही, कारण चूक माझी होती, बूच लावू नको हे मी सांगितलंच नव्हतं. आता पहिल्या दिवशी तेच सांगतो.

काही जुने लोक मुद्दाम बूच लावतात, त्या ओढीने लाकडाच्या छिद्रांतली जुनी वाईन बाहेर येते म्हणतात. येत असेल. त्यांना कान आहेत, किती वेळाने बूच उघडायचं ते त्यांना कळतं. नवख्याने तो खेळ खेळू नये. मी भोक खाली ठेवून त्यावर स्वच्छ कापड सैलसर अडकवतो, आणि बॅरल हाताला पूर्ण गार लागलं की मगच बूच.

याची उलटी चूक त्याहून वाईट, वाफ चालू असताना भोक आणि पाईप यांच्यामधली फट चिंध्यांनी बंद करणं, "वाफ वाया जाऊ नये म्हणून". बॅरल म्हणजे कुकर नाही, त्याला शिट्टी नसते. वाफेला बाहेर जायची वाट मोकळी पाहिजे म्हणजे पाहिजे.

क्लोरीन. ब्लीचिंग पावडर, फरशीचं ते निळ्या बाटलीतलं लिक्विड, काहीही क्लोरीनवालं बॅरलच्या जवळपास आणायचं नाही, सेलरची फरशी पुसायला पण नाही. लाकडातल्या फिनॉलशी क्लोरीन जुळतं, त्यावर बुरशी आपलं काम करते आणि तयार होतं टीसीए, ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या तळघराचा वास. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. एकदा लाकडात शिरलं की वाफेचा बाप आला तरी निघत नाही. केमिकल वापरायचंच असेल तर सोडियम परकार्बोनेट, आणि त्यानंतर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने खळखळून धुवायचं.

मे महिन्यातलं वाळलेलं बॅरल हा वेगळा विषय आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की रिकामं बॅरल महिनाभर पडलं तर फळ्या आक्रसतात, आत डोकावलं तर सांध्यातून उजेड दिसतो. मग लोक घाबरून हातोडी घेतात आणि लोखंडी पट्टे ठोकून ठोकून खाली बसवतात. अहो थांबा. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोखंड तापवून फुगवतात आणि पाणी मारून आवळतात, इथे प्रकरण उलटं आहे, लोखंड आहे तेवढंच राहणार आणि लाकूड फुगून त्याच्यात आवळलं जाणार. कोरडं असताना पट्टे जास्त ठोकले तर लाकूड फुगल्यावर रिव्हेट तुटतो नाहीतर फळीची कड चिरडते. पट्टा घसरलेला असेल तर जागेवर आणा, बस. मग १५-२० लिटर गरम पाणी आत ओता, लोळवा, एका हेडवर उभं करा, वरच्या हेडवर पण पाणी भरून ठेवा, रात्र जाऊ द्या, सकाळी उलटं करा. पावसाळ्यात घराचा दरवाजा फुगून लागत नाही ना, तेच आपल्याला इथे मुद्दाम करायचंय. वाफ त्यानंतर. फटी दिसत असताना वाफ दिली तर निम्मी फटीतून जाते आणि तुम्हाला वाटतं काम झालं. पण ते पाणी आत आठवडाभर विसरू नका, दोन दिवसांत गटार होतं त्याचं.

बारीकसारीक गोष्टी:

नवीन बॅरलला बारा मिनिटं वाफ देऊ नका, त्यात मारायला काही नाहीये, उलट ओकच्या ज्या स्वादासाठी पैसे मोजले तोच फरशीवर वाहून जातो. गरम पाण्याने गळती तपासा, पुरे.

नोझलच्या अगदी तोंडाशी वाफ दिसत नाही. पांढरा ढग दिसतो तो थोडा पुढे, म्हणजे खरी वाफ ढगाच्या अलीकडे आहे. आणि वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण कातडीवर तिचं पाणी होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी उष्णता सुटते. जाड हातमोजे घाला. माझ्या डाव्या मनगटावर २०११ सालची आठवण अजून आहे.

व्हिस्की, रम, ब्रँडीचं रिकामं बॅरल आणलं असेल तर आधी भरपूर गार पाणी. आत अल्कोहोलची वाफ भरलेली असते, तिथे लायटर, गंधकाची वात, काहीही पेटतं न्यायचं नाही.

वाफेनंतर लगेच भरायचं नसेल तर नीट निथळून कोरडं होऊ द्या, मग आत गंधकाची वात जाळा, म्हणजे रिकाम्या बॅरलमध्ये जंतू वाढत नाहीत. २२५ लिटरला ५ ते १० ग्रॅम, आणि गंधक आत ठिबकू देऊ नका, नाहीतर पुढच्या वाईनला सडक्या अंड्याचा वास. तीनचार आठवड्यांनी परत जाळावी लागते, ते मात्र सगळे विसरतात.

घरगुती मंडळींसाठी एक, कारण हल्ली पुण्या-मुंबईहून यांचे फोन जास्त येतात. ऑनलाइन पाच लिटरचं खेळण्यातलं बॅरल घ्यायचं, प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे गॅसची रबरी नळी लावायची आणि त्यातून वाफ द्यायची, असा जुगाड फिरतोय. नका करू. ती नळी या कामासाठी नाही, गरम झाली की मऊ पडते, दुमडते, आणि मग कुकरचा सेफ्टी व्हॉल्व उडतो, सोबत स्वयंपाकघराचं छत रंगतं. पाच लिटरच्या बॅरलला वाफ लागतच नाही. उकळतं पाणी निम्मं भरा, हलवा, दहा मिनिटं ठेवा, ओता, परत एकदा तेच. बूच तेव्हाही घट्ट लावायचं नाही, कारण वर सांगितलं.

सगळं करून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा-तंबाखूच्या आधी, भोकाला नाक लावा. ओल्या लाकडाचा, थोडा व्हॅनिलासारखा, थोडा भाजक्या ब्रेडसारखा वास आला तर भरा. व्हिनेगरचा वास आला तर परत एकदा गरम पाणी आणि वाफ, एकदाच. तरीही नाकात झोंबत असेल तर ते ॲसिड लाकडात मुरलंय आणि ज्या वाईनला हात लावेल तिचं वाटोळं करेल. असलं बॅरल वाचवायच्या नादात लोक हंगाम घालवतात. मधोमध कापा, तळाला चार भोकं पाडा आणि कढीपत्ता लावा. माझ्या दारात दोन आहेत, झाड छातीएवढं झालंय.