पूरकाळात पेशंटला वायरलेस सेन्सर लावताय? या चुका टाळा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, वीज गेली, मोबाइलही बंद पडले. अशा वेळी निवारा केंद्रातल्या पेशंटना छोटे वायरलेस सेन्सर लावले, तर एकटी नर्सही टॅबवर अनेकांची नाडी आणि ऑक्सिजन बघू शकते. मात्र ही यंत्रणा नीट तपासून घेतलेली हवी.

सगळ्यात घातक चूक म्हणजे स्क्रीनवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास. संपर्क तुटला तरी काही अ‍ॅप शेवटचं रीडिंग तसंच दाखवत राहतात. ऑक्सिजन ९७ टक्के दिसला की आपण पुढच्या खाटेकडे वळतो, आणि तो आकडा दहा मिनिटांपूर्वीचा असतो! सेन्सर गप्प आहे याचा अर्थ पेशंट बरा आहे असा होत नाही. म्हणून खरेदीआधीच चालू सेन्सरची बॅटरी काढा आणि स्क्रीनकडे बघत राहा. आकडा पुसला जाऊन अलार्म वाजला नाही, तर ते यंत्र घेऊच नका.

भिजून आलेल्या माणसाची बोटं गार पडलेली असतात. रक्तप्रवाह मंदावतो आणि ऑक्सिमीटर (बोटाला लावायचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) चुकीचं रीडिंग देतो किंवा काहीच दाखवत नाही. हात पुसा, गरम कपड्यात गुंडाळा, नेलपॉलिश असेल तर काढा, मग पुन्हा बघा. पेशंट धापा टाकत असेल तर मात्र आकड्यासाठी थांबू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणीही फसवते. ब्लूटूथ आणि झिगबी (सेन्सर जोडायची ब्लूटूथसारखीच वायरलेस पद्धत) यांच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच. त्यात जांभ्याच्या जाड, ओल्या भिंती. रिसीव्हर डोक्यांच्या वर बांधा, प्रत्येक खोलीच्या दारात एक रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) ठेवा आणि गर्दी असताना तपासा.

फक्त क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरवर, चालणारी यंत्रणा टॉवर पडला की संपली. रीडिंग जागेवरच्या लॅपटॉपवर दिसायला आणि साठायला हवीत, इंटरनेट असो वा नसो. राउटरला बॅटरी बॅकअप हवाच.

आणि अदलाबदल. पेशंटला १०८ मध्ये चढवताना सेन्सर काढतात आणि घाईत जुनं नाव न पुसता दुसऱ्याला लावतात. सेन्सरचा नंबर पेशंटच्या मनगटपट्टीवर आणि कागदी वहीतही लिहा. काढल्याबरोबर स्क्रीनवरचं नाव पुसा, त्याशिवाय तो पुढच्या पेशंटला लावू नका.