हवाई दलात पायलट व्हायचंय? आधी दहावीचं सर्टिफिकेट काढा

पुस्तकं, क्लास, पळणं, सगळं नंतर. आधी कपाटातून दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट काढा आणि त्यावरचं नाव एकेक अक्षर लावून वाचा. आपल्या बोर्डात आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुतेकांचं उलटं. कुठे वडील ‘रमेश’ असतात, कुठे ‘रमेशराव’. दीपकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर दोन ई, दुसऱ्यावर आय. घरात याला कोणी चूक म्हणत नाही. हवाई दलाच्या कागदपत्र तपासणीत म्हणतात. यूपीएससी जन्मतारीखसुद्धा दहावीच्या सर्टिफिकेटवरची धरते, दुसरी कुठली नाही. याआधी मी तयारीची यादी केली होती, तीत नेमकं हेच नव्हतं, म्हणून या वेळी ते पहिलं आहे आणि पुढेही सारखं येणार आहे.

फरक सापडला तर सर्टिफिकेटला हात लावायच्या आधी बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आधार आणि पॅन दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. सर्टिफिकेटवरच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे (मुंबईकरांना वाशीला) अर्ज करावा लागतो, आणि शाळेत तुमचा जुना दाखला शोधण्यापासून सुरुवात असते. नावच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी हवी. किरकोळ फरकाला नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. यातलं काहीही मुलाखतीचं पत्र आल्यावर आठवड्यात उरकत नाही. आणखी एक: मूळ कागद घरात आहेत ना? प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं ठेवून घेतले असतील तर आजच मागायला सुरुवात करा. झेरॉक्सवर भागत नाही.

आता कुठल्या दारानं जायचं ते. बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी: वय साडेसोळा ते साडेएकोणीस, २०२१ पासून मुलींनाही खुली. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात. अकरावीला ‘गणित नको, बायो घेतो’ म्हणणाऱ्यानं हे आधी वाचावं. पदवीनंतर सीडीएस (यूपीएससीची, तिन्ही दलांसाठी) आणि एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची परीक्षा). उड्डाण शाखेसाठी दोन्हीकडे २० ते २४ वर्षं, कमर्शियल पायलट लायसन्स हातात असेल तर २६ पर्यंत. बारावीचं गणित-भौतिकशास्त्र तिथेही पाहतात, त्यामुळे कॉमर्सवाल्यांना वैमानिकाची वाट इथेही बंद. सीडीएसनं कायम कमिशन मिळतं, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी. एएफकॅटनं उड्डाण शाखेत १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. हा फरक लोक फॉर्म भरून झाल्यावर विचारतात. पस्तिशी-चाळिशीच्या मधे बाहेर पडून पुढे काय, याचा विचार बाविसाव्या वर्षी करायला जड जातं, तरी करा. एनसीसी एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा टळते. कॉलेजात पहिल्याच वर्षी नाव घाला, शेवटच्या वर्षी जाऊन उपयोग नाही. आणि नुकतीच दहावी झाली असेल तर एनडीएची तयारी करून घेणारी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था बघा. मुलींसाठी तशीच नाशिकला आहे.

मग शरीर, आणि तेही क्लासची फी भरण्याआधी. वैमानिकासाठी उंची किमान १६२.५ सेंमी, ही सगळ्यांना पाठ असते. बाकीची मापं कोणी घेत नाही. भिंतीला पाठ आणि पार्श्वभाग घट्ट टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ पसरा: भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२० सेंमी हवं. गुडघे वाकवून स्टुलावर बसल्यावर भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत ६४ च्या वर नको. बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६. कॉकपिट ठरावीक मापाचं असतं आणि इजेक्शन सीट सुटली की लांब मांडीचा गुडघा पुढच्या भागावर आपटतो. यात सूट मागून मिळत नाही आणि व्यायामानं हाड बदलत नाही.

डोळे चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून तपासून घ्या. नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नाही. लांबचं दिसण्यासाठी लागणारा मायनस नंबर उड्डाण शाखेत चालत नाही. रंगांची इशिहारा चाचणीही त्याच वेळी. लेझरची घाई करू नका: विसाव्या वर्षाआधी केलेलं धरत नाहीत, आणि नियम प्रवेशानुसार बदलतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीची जाहिरात वाचा. नाकाचं वाढलेलं हाड, मूळव्याध, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा) यांचं ऑपरेशन करायचं असेल तर काही महिने आधी, जखम पूर्ण भरू द्या. मणक्याचा एक्स-रे काढतात, तोही एकदा स्वतः काढून बघा. टॅटू नको, विषय संपला.

फॉर्म. नाव दहावीच्या सर्टिफिकेटसारखं, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं. आईवडिलांचंही. सायबर कॅफेवाल्याला भरायला देऊ नका, तो सवयीनं आधारवरचं नाव टाकतो. एनडीएच्या फॉर्ममध्ये पसंतीक्रम असतो. उडायचंच असेल तर हवाई दल पहिलं टाका.

लेखीबद्दल फार सांगत नाही, अभ्यासाची पुस्तकं ढिगानं आहेत. एनडीएत गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० चा, चुकलं की गुण कापतात. एएफकॅटला दोन तासांत १०० प्रश्न, बरोबरला ३, चुकीला वजा १. एनडीए रविवारी असते, म्हणजे मेगाब्लॉक. आदल्या दिवशी ब्लॉकचं वेळापत्रक बघा. दहाच्या पेपरचं गेट साडेनऊला बंद होतं आणि ठाण्याला अडकलेल्या लोकलचं कारण तिथे कोणी ऐकत नाही.

लेखी निघाली की हवाई दलाच्या निवड मंडळाचं पत्र येतं, मुलाखत आणि चाचण्यांसाठी त्यांच्या एखाद्या केंद्रावर. मुंबईकरांना गांधीनगर सोयीचं, मुंबई सेंट्रलहून थेट वंदे भारत आहे. म्हैसूरला दादरहून शरावती, वाराणसीला महानगरी. डेहराडून लांब आहे, एक दिवस आधी पोहोचा. दुसऱ्या दिवशी झोपाळलेल्या डोळ्यांनी टीएटीची, म्हणजे चित्रावरून गोष्ट लिहायच्या चाचणीची, चित्रं बघण्यात काही अर्थ नाही: चित्र ३० सेकंद, गोष्ट ४ मिनिटं, अशी बारा. मग ६० शब्द, प्रत्येकावर सुचेल ते वाक्य १५ सेकंदांत. मग अर्ध्या तासात ६० प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं. घड्याळ लावून हातानं लिहायचा सराव करा, मोबाइलवर वाचून होत नाही. पहिल्या दिवशीच्या चाळणीत बरेच जण दुपारी परत पाठवले जातात, त्यामुळे परतीचं तिकीट लवचीक ठेवा. मैदानातल्या अडथळ्यांसाठी दोरी चढता यायला हवी. शिवाजी पार्कात दोरीचा मल्लखांब शिकवतात, महिनाभर जाऊन या.

पिशवीत काय? कपडे वगैरे पत्रात लिहिलेलं असतं. मूळ दहावी, मूळ बारावी, पदवी असेल तर सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, आणि नावात फरक असेल तर ते प्रतिज्ञापत्र. पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासभाडं मिळतं, त्यासाठी तिकीट जपा. बँक खात्यावरचं नावही तेच हवं, हो, तेच, दहावीचं. निघायच्या आदल्या रात्री सगळे कागद टेबलावर पसरून नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. स्वतःच्या नावातली चूक स्वतःला दिसत नाही.

सीपीएसएस. वैमानिकाची ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर एनडीए, सीडीएस, एएफकॅट, कुठूनही उड्डाण शाखा परत नाही. म्हणून ‘अनुभव म्हणून जाऊन येतो’ असं म्हणत सतराव्या वर्षी तयारीविना जाणारे मला समजत नाहीत. डायल वाचायला शिका: उंची, वेग, दिशा, चढ-उतार, कृत्रिम क्षितिज, आणि त्यावरून विमान कसं वळलंय ते पटकन सांगता यायला हवं. हात-पाय एकाच वेळी वेगवेगळं काम करतील असा सराव ठेवा. चाचणीआधी सूचना सांगतात त्या अर्धवट ऐकणारे तिथेच मार खातात. आदल्या रात्री झोपा.

मेडिकल बेंगळुरूला किंवा दिल्लीला. अनफिट शेरा आला तर घाबरून निघून येऊ नका, कारण लेखी घ्या, अपील मुदतीत करा. वर सांगितलेली मापं आधी घेतली असतील तर इथे नवं काही कळणार नाही.

पुढचं थोडक्यात, कारण तोवर माझी यादी संपते आणि त्यांची सुरू होते. एनडीएवाले तीन वर्षं खडकवासला, मग हैदराबादजवळ डुंडीगल. तिथे उड्डाण शिकायचं ते पिलाटस पीसी-७ या प्रशिक्षण विमानावर. नंतर लढाऊ, वाहतूक की हेलिकॉप्टर ते तुमची कामगिरी आणि उपलब्ध जागा ठरवतात, तुमची हौस नाही. लढाऊवाले पुढे बिदरला हॉक या प्रशिक्षण जेटवर, वाहतूकवाले येलहंकाला, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला. सुरुवातीच्या उड्डाणांत मळमळतं, लपवू नका. चेकलिस्ट तोंडपाठ ठेवा. पोहणं येत नसेल तर आत्ताच शिका.

जॉइनिंगला पत्रातली यादी, बाँडचे कागद, पालकांच्या सह्या. सह्यांच्या खाली पालकांचं नाव कसं लिहायचं ते एव्हाना कळलं असेल. मूळ दहावी हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही.