स्क्रीन काळी? मॉनिटर उचलून आणण्याआधी हे बघा

नाशिकच्या सिडकोत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम आहे. पावसाळा लागला की फोन सुरू होतात, "दादा, मॉनिटर गेला." पंचवटीहून, सातपूरहून माणसं भर पावसात चादरीत गुंडाळलेला मॉनिटर स्कूटरवर घेऊन येतात. माझ्याकडे जोडला की तो लख्ख चालतो. बिघाड असतो घरी राहिलेल्या सीपीयूच्या डब्यात. माणसाचा हेलपाटा झालेला बघून मला खरंच वाईट वाटतं.

सगळं काम डब्यात चालतं. ग्राफिक्सचा भाग प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून चित्र मेमरीत तयार करतो आणि केबलमधून पाठवतो. 1920×1080 च्या मॉनिटरवर असे 20,73,600 ठिपके असतात आणि साधारणपणे सेकंदाला 60 वेळा ते नव्याने रंगवले जातात. मॉनिटर आलेलं चित्र फक्त दाखवतो. म्हणून मॉनिटर बदलला तरी तुमचे फोटो, फाइली जागच्या जागी राहतात, आणि त्याचं बटण दाबून कॉम्प्युटर बंद होत नाही.

आता तपासणी. कॉम्प्युटर चालू ठेवून मॉनिटरवर काय दिसतं ते बघा. "नो सिग्नल" आलं, तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाहीये. मॉनिटरच्या बटणांतून इनपुट, म्हणजे चित्र कुठल्या केबलमधून घ्यायचं ती निवड, बघा. केबल एचडीएमआयची आणि इनपुट व्हीजीएवर, असा घोळ मला नेहमी दिसतो. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल खाली कार्डाच्या पोर्टलाच लावा, वर यूएसबीच्या शेजारी नको.

निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर ती काढून उजेडात धरा. पाच-पाचच्या तीन ओळी, 15 जागा. बऱ्याच केबलींत मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका. वाकलेली पिन शोधा. लाल रंगाची पिन टेकत नसेल तर पांढरं पान निळसर-हिरवं दिसतं, निळ्याची नसेल तर पिवळं. रंग असा बिघडला की आधी केबल बदलून बघा, खर्च तेवढ्यावरच भागतो.

डब्याचा पंखा फिरतोय, पण चित्र नाही किंवा बीप वाजतेय? मग आधी रॅम, म्हणजे डब्यातली मेमरीची चपटी फळी, बघा. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, दोन्ही बाजूंच्या खिट्या उघडून रॅम काढा. पट्टीवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका आणि "टक्" आवाज होईपर्यंत परत बसवा. पॉवर सप्लायची पेटी आणि मॉनिटरची पाठ मात्र घरी अजिबात उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो.

तरीही अंधार असेल आणि केबल एचडीएमआयची असेल, तर तीच केबल डब्यातून घरच्या टीव्हीला लावा. टीव्हीवर चित्र आलं तर फक्त मॉनिटर आणा, नाही आलं तर फक्त डबा. कीबोर्ड-माऊस घरीच ठेवा, केबल तेवढी दोन्ही वेळा बरोबर असू द्या.