अंधाऱ्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीसाठी टाइल्स निवडताना

सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांत भिंतीला भिंत लागून जी घरे उभी आहेत, त्यांपैकी अनेकांत स्वयंपाकघर मागच्या किंवा मधल्या भागात येते, त्याची एकुलती एक खिडकी अरुंद बोळात उघडते आणि भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय तांदळातला खडा दिसत नाही. अशा घराची दुरुस्ती निघाली की ओट्याचा दगड, कपाटे आणि चिमणी यांवर पुष्कळ चर्चा होते; ओट्यामागची भिंत, जिला गवंडी आणि दुकानदार डॅडो म्हणतात, ती मात्र शेवटी दुकानात उभ्या उभ्या ठरवली जाते. हा क्रम उलटा असावा असे मला मनापासून वाटते, कारण ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दिवसभर तीच भिंत असते आणि खोलीतला तुटपुंजा उजेड हातातल्या कामावर परत टाकण्याचे काम तिच्यावाचून दुसरे काही करू शकत नाही.

पहिला प्रश्न रंगाचा आहे. चकचकीत टाइल्स लावल्या की खोली उजळते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भिंत किती प्रकाश परत देईल हे मुख्यतः तिच्या रंगावर ठरते, चकाकीवर नव्हे. पांढरा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत देतो, तर काळा ग्रॅनाइट १० टक्केही देत नाही, मग त्याला कितीही पॉलिश केलेले असो. चकाकीमुळे बदलते ती दिशा: चकचकीत टाइल आरशासारखी दिव्याचे प्रतिबिंब एका जागी दाखवते, तर चकाकी नसलेली मॅट टाइल तोच उजेड सगळीकडे पसरवते. ओट्यासमोर खिडकी असेल तर चकचकीत टाइलमध्ये तिचा उजेड छान उतरतो. खिडकी नसेल तर तिच्यात फक्त ट्यूबलाइट दिसते आणि डोळ्यांवर तिरीप येते. म्हणून अंधाऱ्या खोलीसाठी फिकट रंगाची, सॅटिन, म्हणजे अर्धी चकाकी असलेली टाइल मला सर्वांत योग्य वाटते. शुगर फिनिशच्या, म्हणजे साखरेसारख्या दाणेदार पृष्ठभागाच्या, किंवा बाहेरच्या भिंतीला लावतात त्या खडबडीत टाइल्स मात्र इथे घेऊ नयेत, कारण त्यांच्या खाचांत तेलाची वाफ बसली की ती घासूनही निघत नाही.

आता हळदीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या भागात भिंतीवर उडणारी सर्वांत हट्टी वस्तू तीच आहे. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. म्हणूनच फोडणीच्या तेलाचा एक बारीक थेंब तो रंग घेऊन थेट टाइल्समधल्या सांध्यात शिरतो आणि नुसत्या ओल्या फडक्याने पुसल्यास डाग आणखी पसरतो. साबण किंवा सोडा लागला की तोच डाग लालसर होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. ऊन लागले तर हळदीचा डाग आपोआप फिका पडतो. पांढऱ्या कपड्यावरचा डाग उन्हात वाळत घातल्यावर उडतो तो याच कारणाने. परंतु अंधाऱ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला ऊन कधीच लागत नसल्यामुळे तिथला डाग तसाच राहतो आणि नव्या डागांची त्यात भर पडत जाते. आमच्या जुन्या घरात पांढऱ्याशुभ्र टाइल्सचे सांधे व्हाइट सिमेंटने भरले होते. टाइल्स शेवटपर्यंत स्वच्छ राहिल्या, पण शेगडीमागचे सांधे पहिल्याच वर्षात पिवळे आणि मग तपकिरी झाले.

यातून निवडीचा खरा नियम हाती येतो: टाइलपेक्षा सांध्याची काळजी अधिक करावी. शेगडीच्या मागे सांधे जितके कमी, तितके बरे. जे सांधे राहतील ते एपॉक्सी ग्राउटने, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या सांधे भरण्याच्या मसाल्याने, भरून घ्यावेत, कारण साधे सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते आणि एपॉक्सी तेल शोषून घेत नाही. ते महाग पडते आणि भरताना टाइलवर सांडलेले लगेच पुसावे लागते, नाहीतर त्याचा पातळ थर कायमचा चिकटतो; म्हणून पूर्वी एपॉक्सी भरलेला कारागीरच पाहावा. रंग पांढरा न घेता फिकट राखाडी किंवा सायीसारखा घ्यावा. लहान तुकड्यांच्या मोझॅइक जाळ्या दुकानात सुंदर दिसतात, पण त्यांत टाइलपेक्षा सांधेच जास्त असतात, आणि कपबशी किंवा फळांच्या टोपलीचे चित्र असलेल्या, अधूनमधून लावायच्या हायलायटर टाइल्स अंधाऱ्या भिंतीवर दुरून काळे ठिपकेच वाटतात.

सिरॅमिक टाइल बहुतेक घरांना पुरेशी आहे. तिच्या वरच्या काचेसारख्या लेपावर तेल, तिखट, चिंच, लिंबू यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही आणि ती कापायलाही सोपी असते. पांढरा संगमरवर मोहात पाडतो, पण लिंबाचा किंवा चिंचेच्या कोळाचा थेंब राहिला तर त्याची चकाकी तिथे उडते, म्हणून तो ओट्याजवळ नको. मागून रंगवलेली काच हा सांधे नसलेला, पुसायला अत्यंत सोपा पर्याय आहे; मात्र शेगडीमागे ती टफन्डच, म्हणजे तापवून कणखर केलेलीच, असली पाहिजे, आणि टफन्ड काच नंतर कापता किंवा छिद्र पाडता येत नसल्यामुळे बटणांच्या पेट्यांची मापे आधी पक्की करावी लागतात. साधी काच कडेने हिरवट असते आणि तिच्यामागचा पांढरा रंगही हिरवट दिसतो, तेव्हा पांढरा हवा असेल तर कमी लोह असलेली, अधिक पारदर्शक काच मागावी. स्टेनलेस स्टीलचा पत्रा शेगडीमागच्या तेवढ्याच भागाला चालतो. अ‍ॅक्रिलिक किंवा पीव्हीसीच्या शीट ज्योतीजवळ अजिबात लावू नयेत; उष्णतेने त्या मऊ पडतात आणि आगीचा धोका असतो.

माप घेताना बहुतेकांची फसगत होते. ओटा आणि वरची कपाटे यांत साधारण २४ इंच जागा सोडतात आणि दुकानात टाइल १२ बाय २४ इंच म्हणूनच सांगितली जाते. प्रत्यक्षात ती ३०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे थोडी कमी असते. ८ फुटांच्या ओट्यावर अशा ८ टाइल्स उभ्या लावल्या तर २ मिलिमीटरचे सांधे धरूनही सुमारे अडीच सेंटीमीटर भिंत उघडी राहते. त्यापेक्षा मध्ये ७ पूर्ण टाइल्स आणि दोन्ही टोकांना सुमारे १६ सेंटीमीटरच्या पट्ट्या घेतल्या तर भिंत नीट भरते आणि एकच ओळ असल्यामुळे शेगडीमागे आडवा सांधाच येत नाही. उंचीतला एक सेंटीमीटरचा फरक कपाट त्या मानाने खाली घेऊन भरून काढावा. यासाठी ९ टाइल्स लागतात. फुटीसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी आणखी ३ घ्याव्यात, आणि सर्व खोक्यांवरचा शेड व बॅच क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे.

टाइल ठरवण्यापूर्वी दोन-तीन नमुने घरी आणून ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवावेत आणि दुपारी एकदा व रात्री दिवा लावून एकदा पाहावेत. त्यावर कांदा-लसूण मसाल्याचे तेल आणि हळद लावून रात्रभर ठेवावे व सकाळी पुसून बघावे. दुकानातल्या भरपूर दिव्यांखाली सायीचा रंग शुभ्र वाटतो आणि घरी आल्यावर मळकट.

दिव्याचा विचार भिंतीबरोबरच करावा, कारण भिंत प्रकाश निर्माण करीत नाही, मिळालेला परत देते. छतावरचा दिवा आपल्या पाठीमागे राहतो आणि आपलीच सावली विळीवर पडते. कपाटाच्या खालच्या बाजूस, भिंतीलगत नव्हे तर पुढच्या कडेजवळ, दुधी झाकण असलेल्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीत एलईडी बसवला तर ओटा आणि भिंत दोन्ही उजळतात. उघडी एलईडी पट्टी चकचकीत टाइलवर ठिपक्यांची रांग दाखवते. ४००० केल्व्हिनचा, म्हणजे फार पिवळाही नाही आणि निळसरही नाही असा, प्रकाश कांदा किती लाल झाला हे ओळखायला सोयीचा पडतो. या दिव्याची वायर टाइल्स लावण्याआधीच भिंतीत घालावी.

भिंत ओली असेल तर मात्र हे सर्व थांबवावे. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथल्या अनेक भिंतींना अजून लोणा येतो, आणि टाइल त्यावर लावल्यास क्षार सांध्यांतून पांढरे फुटून बाहेर पडतात. प्लास्टिकचा दीड फुटाचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करून एक दिवस ठेवावा; आतून पाणी साचले तर भिंत वाळलेली नाही. जुन्या मातीच्या गिलाव्यावर टाइल कधीच लावू नये. तो वीट उघडी होईपर्यंत काढून सिमेंटचा गिलावा करावा, त्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे आणि मग तो पुरता वाळू द्यावा.

सिरॅमिक टाइल सिमेंटच्या मसाल्यात लावायची असेल तर ती आधी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी. विट्रिफाइड, म्हणजे खूप घट्ट भाजलेली टाइल मात्र पाणी जवळजवळ शोषत नसल्यामुळे अ‍ॅडहेसिव्हनेच, म्हणजे टाइल चिकटवण्याच्या तयार मसाल्यानेच, लावावी. ओटा आणि टाइल जिथे भेटतात तो कोपरा ग्राउटने न भरता लवचिक राहणाऱ्या सिलिकॉनने भरावा, कारण दगड आणि भिंत वेगवेगळ्या हलतात व तिथले ग्राउट तडकून सिंकचे पाणी मागे झिरपते. सिलिकॉन भरल्यानंतर एक पूर्ण दिवस तो कोपरा कोरडा ठेवावा, आणि उरलेल्या टाइल्स खोक्यावरच्या क्रमांकासह माळ्यावर ठेवून द्याव्यात.